एका पायात मोजा: शाळा सुटल्यापासून आयटीआयपर्यंत

मागच्या आठवड्यात आमच्या मोठ्याचा आयटीआयचा प्रवेश पक्का झाला. फिटर ट्रेड. तो सतरावं पूर्ण करतोय आणि शाळेत शेवटचा गेला त्याला पावणेतीन वर्षं होत आली. मध्ये काय काय झालं ते लिहून ठेवतेय, कारण नोव्हेंबर २०२२ मध्ये रात्री दीड वाजता मी फोनवर 'मुलगा शाळेत जात नाही काय करावे' असं मराठीत शोधलं होतं. तेव्हा सापडले ते पालकांसाठीचे गोड सल्ले, नाहीतर क्लासच्या जाहिराती. कुठला कागद कुठे लागतो, किती दिवस जातात, किती पैसे लागतात, आणि त्या दिवसांत घरात काय चालतं, हे कुणी सांगेना.

मुलाचं नाव लिहीत नाही. धाकटीमुळे घरात सगळेच त्याला दादा म्हणतो, इथेही दादाच. हे त्याने वाचलंय आणि दोन परिच्छेद काढायला लावलेत.

दादाची सातवी आणि निम्मी आठवी मोबाईलवर झाली. ऑक्टोबर २०२१ मध्ये शहरातल्या आठवीपासून पुढच्या शाळा उघडल्या तेव्हा तो उड्या मारत गेला होता, हे मुद्दाम सांगते. पण मधल्या दीड वर्षात गणिताचा पाया कच्चा राहिला होता आणि तो भरून घ्यायला कुणाला वेळ नव्हता. नववीत, २०२२ च्या पावसाळ्यात, सोमवारी सोमवारी पोट दुखायला लागलं. मग सोमवार-गुरुवार. मग रोज. रक्त, लघवी, सोनोग्राफी असे अडीच हजार खर्चून सगळं नॉर्मल आलं. बालरोगतज्ज्ञांनी फाईल मिटली आणि मला एवढंच विचारलं, "रविवारी दुखतं का?"

मी घरी येऊन कॅलेंडर बघितलं. रविवारी कधीच दुखलं नव्हतं. गणपतीच्या सुट्टीतही नाही.

दिवाळीची सुट्टी संपल्यानंतरची एक सकाळ माझ्या डोळ्यांसमोरून जात नाही. दादा पलंगाच्या कडेला बसलेला. गणवेश घातलेला, दप्तर भरलेलं, एका पायात मोजा. दुसरा मोजा हातात. खाली रिक्षावाले काका हॉर्न देतायत. "घाल ना रे," मी म्हणाले. त्याने मोज्याचं तोंड दोन्ही हातांनी ताणून धरलं, पण पाय काही उचलेना. रडत नव्हता, चिडलेलाही नव्हता. तसाच ताणून धरलेला मोजा घेऊन बसून राहिला. काका निघून गेले. त्या दिवसानंतर तो शाळेत गेला नाही.

पुढचा महिना आम्ही जे जे करू नये ते सगळं केलं. मोबाईल काढून घेतला. नवऱ्याने दोनदा उचलून स्कूटरवर बसवून शाळेच्या फाटकापर्यंत नेलं. दुसऱ्या वेळी तो फाटकाशी ओकला. सासूबाईंनी दृष्ट काढली. मी रडून दाखवलं, ज्याची मला आजही सगळ्यात जास्त लाज वाटते. शाळेतून हजेरीचे फोन यायला लागले. तिथे वर्गात काय घडलं होतं ते तुकड्या-तुकड्यांनी पुष्कळ नंतर कळलं. चाचणीचे गुण मोठ्याने वाचून दाखवले जात, आणि कमी गुणांची मुलं गुण वाचून होईपर्यंत उभी राहत. कुणी मारलं नाही, कुणी शिवी दिली नाही. मी भेटायला गेले तर वर्गशिक्षिका म्हणाल्या, "अहो, सगळ्याच मुलांना हे करतो आम्ही." ते खरंच असावं.

डिसेंबरमध्ये समुपदेशकांकडे गेलो. एका बैठकीचे ९०० रुपये, एकूण अकरा बैठका झाल्या. पहिल्या बैठकीत त्या दादाशी दहा मिनिटं बोलल्या आणि आमच्याशी चाळीस. दोन गोष्टी सांगितल्या. पंधरा दिवस घरात 'शाळा' हा शब्द काढायचा नाही. आणि तो किती वाजता झोपतो, किती वाजता जेवतो, एवढंच वहीत लिहायचं. त्यावर टीका करायची नाही. ती वही अजून आहे. पहिल्या आठवड्यात झोपण्याच्या वेळा ३:२०, ४:००, २:४५ अशा आहेत, आणि नाश्त्याच्या रकान्यात सलग सात फुल्या.

त्यांच्या सांगण्यावरून मनोविकारतज्ज्ञांनाही दाखवलं. अध्ययन अक्षमता आहे का याची चाचणी दोन सकाळी चालली, ४५०० रुपये पडले. अक्षमता नव्हती, चिंतेचा त्रास होता आणि बरीच उदासी. गोळ्या चार महिने चालल्या, मग हळूहळू बंद केल्या. पैशांमुळे कुणी थांबत असेल तर सरकारी रुग्णालयाच्या मनोविकार विभागात हेच काम फार थोड्या खर्चात होतं, फक्त अख्खी सकाळ काढून जावं लागतं. आणि १४४१६ हा टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा क्रमांक फुकट आहे, मराठीतही बोलतात. मुलाने बोलायलाच हवं असं नाही. मी स्वतः पुढे दोनदा केलाय, बाथरूमचा नळ सोडून.

पंधरा दिवसांची अट संपली त्या संध्याकाळी दादाच म्हणाला, "मला दहावी करायचीय. तिथे नाही." मी कपड्यांच्या घड्या घालत होते. घड्या घालत राहिले, वर बघितलंच नाही. बघितलं असतं तर तो गप्प झाला असता, याची खात्री होती.

जानेवारी २०२३ मध्ये मी शोधाला लागले. तेव्हा मला काहीच माहीत नव्हतं, म्हणून सगळं सांगते. शिक्षणहक्क कायदा ६ ते १४ वयासाठी आहे. दादाला ऑगस्टमध्ये १४ पूर्ण झाली होती, म्हणजे 'मुलाला घरी ठेवलं तर पोलीस येतील' हे शेजारच्या काकूंचं भाकीत निकालात निघालं. मग रस्ते तीन दिसले. एक, आपल्या राज्य मंडळाचा १७ नंबरचा फॉर्म भरून खासगी विद्यार्थी म्हणून दहावीला बसणं. अभ्यासक्रम तोच, पेपर तेच, परीक्षा सगळ्यांबरोबर, तेव्हा मार्चमध्ये. दोन, राज्याचं मुक्त विद्यालय मंडळ. तीन, केंद्राची राष्ट्रीय मुक्त विद्यालयी शिक्षण संस्था, जिला सगळे एनआयओएस म्हणतात. १९८९ मध्ये ती नॅशनल ओपन स्कूल म्हणून सुरू झाली, २००२ मध्ये आताचं नाव मिळालं. तिची दहावी इतर मंडळांच्या बरोबरीची धरतात.

१७ नंबरचा फॉर्म स्वस्त आणि ओळखीचा. पण त्यात सगळे विषय एका दमात काढायचे, शिवाय तीच पुस्तकं. दादाने नववीच्या गणिताचं मुखपृष्ठ बघितलं तरी तोंड फिरवायचा. एनआयओएसमध्ये पाच विषय पुरतात, भाषा एक असली तरी चालते, आणि पाच वर्षांत नऊ संधी मिळतात. झेपेल तसे एकेक-दोनदोन विषय सोडवता येतात. 'नऊ संधी' हे ऐकल्यावर त्याचे खांदे खाली आले. मला ते दिसलं.

प्रयोगशील शाळांबद्दलही खूप जणांनी सुचवलं. पुण्याचं अक्षरनंदन, आमच्या नाशिकचंच आनंद निकेतन, फलटणचं कमला निंबकर बालभवन. चांगल्या शाळा आहेत, पण अशा ठिकाणी मूल बालवाडीपासून रुजतं, असं मला वाटलं. नववीच्या मध्यात, जखमी अवस्थेत, पुन्हा एका वर्गात नवा म्हणून उभं राहायची त्याची तयारी नव्हती. आम्ही विचारणाही केली नाही.

पाबळला मात्र गेलो. फेब्रुवारीतला शनिवार होता. नाशिकहून पुण्याच्या एसटीने राजगुरुनगरला उतरून पुढे पूर्वेला पाबळ. तिथे डॉ. श्रीनाथ कलबागांनी १९८३ मध्ये विज्ञान आश्रम सुरू केला. हिंदुस्थान लिव्हरमधली संशोधकाची नोकरी सोडून हा माणूस शिरूर तालुक्यातल्या कोरडवाहू गावात येऊन राहिला, कारण त्यांचं म्हणणं असं की हाताने काम करताना डोकं जास्त चालतं, आणि शाळेतून बाहेर पडलेल्या मुलांना नेमकं तेच मिळत नाही. तिथे वर्षभराचा निवासी अभ्यासक्रम आहे, आठवी पास चालते. वेल्डिंग, बांधकाम, वीज, शेती-पशुपालन, अन्नप्रक्रिया, सगळं थोडं थोडं आणि खरं खरं. फॅब लॅबही, म्हणजे संगणकाच्या मदतीने वस्तू बनवायची कार्यशाळाही आहे, पार २००२ पासून.

दादा सुरुवातीला माझ्या मागे मागे होता. मग एका शेडपाशी थांबला. त्याच्याच वयाचा एक मुलगा तोंडावर काच धरून लोखंडी पट्टी जोडत होता. जोड वाकडा आला. त्याने तो ग्राइंडरने कापून टाकला आणि पुन्हा जोडायला घेतला. कुणी काही बोललं नाही. दादा तिथे किती वेळ उभा होता माहीत नाही. आम्ही दोघं चहा घेऊन आलो तरी तिथेच. परतीच्या एसटीत तो एकच वाक्य बोलला, "त्याचं चुकलं तर त्याने कापून टाकलं."

तरी आम्ही त्याला तिथे ठेवलं नाही. वसतिगृहात राहायचं म्हटल्यावर त्याचा चेहरा पुन्हा तोच झाला, आणि समुपदेशकही म्हणाल्या की आता घरापासून लांब नको. सहा महिने आधी गेलो असतो किंवा एक वर्ष नंतर, तर कदाचित जमलं असतं. ज्यांच्या मुलाला घरच नकोसं झालंय, त्यांनी एकदा बघून यावं असं मात्र मी सांगेन. पाबळच्या फेरीचा खरा फायदा नवऱ्याला झाला. तो सातपूरला मशीन ऑपरेटर आहे, आणि 'वर्कशॉप म्हणजे न शिकलेल्यांची जागा' हे इतकी वर्षं तोच स्वतःबद्दल घरात बोलत आला होता. त्या दिवसापासून बंद झालं.

मार्चमध्ये शाळा सोडल्याचा दाखला काढला. मुख्याध्यापक भले वाटले, पण तीन चकरा मारायला लावल्या: नववीची परीक्षा तरी द्या, आम्ही वर ढकलतो. दादाने नकार दिला. इथे एक गोष्ट आधी करा. दाखला घेण्यापूर्वी आठवीची गुणपत्रिका आणि बोनाफाईड मागून घ्या, आणि दाखल्यावरचं नाव, जन्मतारीख, आईचं नाव शाळेच्या टेबलावरच तपासा. दाखल्यावर आमच्याकडे आडनाव आधी येतं, आधारवर शेवटी. आणि दादाच्या आधारवर वडिलांच्या नावात एक 'ए' जास्त. आधार दुरुस्तीला अकरा दिवस गेले.

त्या अकरा दिवसांत मला एका क्लासवाल्यांनी गाठलं. अठरा हजार द्या, फॉर्म, स्वाध्याय, सगळं आम्ही बघतो, मुलाने फक्त परीक्षेला यायचं. अशी पाटी तुमच्याही गावात असेल. 'थेट दहावी पास'. नवरा पाघळला होता. मी फॉर्म स्वतः उघडून बघितला, तर बँकेचा ऑनलाइन फॉर्म भरता येणाऱ्या कुणालाही जमेल असा होता.

९ मे २०२३ ला एनआयओएसमध्ये नोंदणी केली. मार्चच्या मध्यापासून जुलैअखेरपर्यंत जो गट नोंदणी करतो तो पुढच्या एप्रिल-मेच्या परीक्षेला बसतो. दुसरा गट सप्टेंबर ते जानेवारी, त्यांची परीक्षा ऑक्टोबर-नोव्हेंबरला. मुलांचे पाच विषयांचे तेव्हा १८०० रुपये होते, मुलींना कमी. आता बदलले असतील, बघून घ्या. फोटो आणि सही ठरलेल्या आकारात लागतात. दादाने पांढऱ्या कागदावर घाईघाईत मराठीत सही केली, ती स्कॅन करून चढवली, आणि मग वर्षभर प्रत्येक कागदावर तशीच सही काढायचा सराव करत बसला. सही आधी ठरवा!

विषय निवडताना आम्ही दोन दिवस घेतले. प्रत्येक विषयाला क्रमांक आहे. मराठी २०४, विज्ञान २१२, सामाजिक शास्त्र २१३, चित्रकला २२५ इथपर्यंत वाद नव्हता. चित्रकलेत लेखीपेक्षा प्रात्यक्षिकाला जास्त वजन आहे, त्यावर तो खूश. पाचवा? मी म्हटलं गणित सोड, गृहविज्ञान घे, सुटका कर स्वतःची. नवऱ्याने कारखान्यातल्या माणसांना विचारून माहिती आणली: आयटीआयला वेल्डरसाठी आठवी पास चालते, पण फिटर, इलेक्ट्रिशियनला दहावी लागते, तीही गणित-विज्ञानासह. दादा रात्री जेवताना म्हणाला, "२११ टाक." मला क्षणभर कळलं नाही. मग आठवलं, २११ म्हणजे गणित. 'गणित' हा शब्द त्याने तेव्हाही उच्चारला नाही.

इंग्रजी राहिलंच. सहावा विषय म्हणून घेता येतं, वेगळं शुल्क भरून. आम्ही घेतलं नाही, आणि अजून माझं मन त्याबाबत निश्चिंत नाही. मराठी माध्यमाबद्दल एक: सगळे विषय मराठीत मिळत नाहीत, माध्यमाची यादी आधी वाचा.

नोंदणी झाली तरी मूल दिवसभर करणार काय, हे कुठलाच फॉर्म सांगत नाही. अभ्यासकेंद्रावर रविवारी संपर्कवर्ग होते, पण आमच्या केंद्रावर ते नावापुरतेच; चार रविवारांत दोनदा कुलूप. केंद्र निवडताना फोन करून नाही, एखाद्या रविवारी जाऊन बघावं. आम्ही घराजवळचं म्हणून निवडलं, ती चूक झाली.

दादाचा दिवस दोन ठिकाणी उभा राहिला. एक आमच्या गल्लीच्या तोंडावरचं सायकल दुरुस्तीचं दुकान. दुकानवाले काका म्हणाले, सकाळी दोन तास येऊ दे. पैसे घ्यायचे नाहीत आणि दुपारी थांबायचं नाही हे आम्ही आधीच ठरवलं. मुलगा कामाला लावला असं व्हायला नको होतं. दुकान नऊला उघडायचं. जुलैत एकदा पावणेनऊला मला स्वयंपाकघरात भांड्याचा आवाज आला, तर दादा उभ्या उभ्या रात्रीची फोडणीची पोळी खात होता. वहीतली नाश्त्याची पहिली बरोबरची खूण त्या दिवसाची आहे.

दुसरं ठिकाण म्हणजे एक निवृत्त शिक्षक जोडपं. आठवड्यातून तीन दुपारी त्यांच्या बंगल्याच्या पडवीत पाच-सहा मुलं जमायची. एक मुलगी जलतरणासाठी शाळा सोडलेली, एक मुलगा बरीच वर्षं आजारी होता, बाकी आमच्यासारखी. महिना १५०० रुपये. पाटी नाही, संस्था नाही. वहिनी, म्हणजे बाई, पण सगळी मुलं वहिनी म्हणायची, मराठी आणि सामाजिक शास्त्र घ्यायच्या, सर गणित-विज्ञान. पहिले तीन आठवडे सरांनी गणिताचं पुस्तक उघडलंच नाही. मी फी भरत होते, मला राहवेना. विचारलं तर म्हणाले, "ताई, त्याला आधी माझी भीती जाऊ द्या."

मग एके दिवशी सर दादालाच म्हणाले, तुझी सायकल आण. पुढच्या चक्राचे दात मोज. ४४. मागच्या फ्रीव्हीलचे? १८. पायडल एकदा पूर्ण फिरवलं तर मागचं चाक किती वेळा फिरेल? दादा म्हणाला, दोनदा आणि थोडं. थोडं म्हणजे? भागाकार केला, २.४४४ आला. चाकाचा व्यास टायरसकट ६६ सेंटिमीटर, परीघ काढला २०७. गुणाकार केल्यावर पाच मीटर सहा सेंटिमीटर. आता खरंच तेवढी जाते का? गल्लीत खडूने रेघ मारली, पायडल एकदा फिरवलं, दुसरी रेघ, टेपने मोजलं: चार मीटर अठ्ठ्याण्णव. आठ सेंटिमीटर कुठे गेले? मुलं तासभर भांडली. शेवटी दादाने मागचं टायर अंगठ्याने दाबलं. हवा कमी होती. हवा भरून पुन्हा मोजलं तर पाच मीटर चार.

हे मला त्याने घरी आल्यावर दारातच सांगितलं. चप्पल काढायच्या आधी. गेल्या दीड वर्षात त्याने मला दिवसाबद्दल काही सांगितलेलं नव्हतं.

सगळं असंच छान चाललं असं समजू नका. ऑक्टोबरमध्ये तो पुन्हा दहा दिवस खोलीबाहेर आला नाही. इमारतीतल्या मुलांनी 'ओपनवाला' म्हणून चिडवलं होतं. एकटेपणाची किंमत मोठी असते. गॅदरिंग नाही, सहल नाही, बाकावर शेजारी कुणी नाही. त्या वर्षी त्याच्या वाढदिवसाला आलेल्यांत धाकटीच्याच मैत्रिणी जास्त होत्या. संध्याकाळच्या व्हॉलीबॉलला घातलं (महिना ४००), तेव्हा कुठे दोन मित्र झाले, आणि ते दोघंही त्याला कितवीत आहेस हे विचारत नाहीत.

कागदांचं पुढचं सांगते. प्रत्येक विषयाचे स्वाध्याय असतात, त्यांना टीएमए म्हणतात, वीस टक्के वजन. आमची शेवटची तारीख ३१ जानेवारी होती. आम्ही २९ ला चढवले, दादा पहाटे दोनपर्यंत लिहीत होता, आणि मी स्कॅन करत होते. हे टाळा, दिवाळीपूर्वी संपवा. हाताने, मुलाच्याच अक्षरात लिहा. परीक्षेचं शुल्क वेगळं, विषयागणिक, आणि ते डिसेंबर-जानेवारीतच भरावं लागतं. प्रवेश घेतला म्हणजे परीक्षेचा फॉर्म आपोआप भरला जातो असा माझा गोड गैरसमज होता. वहिनींनी विचारलं म्हणून वाचलो. सगळे विषय मिळून दोन हजारांच्या आत भागलं. प्रात्यक्षिकं मार्चमध्ये झाली. केंद्रावरच्या एकाने प्रात्यक्षिकाचे 'वरचे' पाचशे मागितले. नवऱ्याने पावती द्याल का विचारलं, मग विषय संपला.

लेखी परीक्षा एप्रिल-मे २०२४ मध्ये, दुपारी अडीचला. नाशिकचं एप्रिलमधलं ऊन, म्हणून तोंडाला ओला रुमाल बांधून स्कूटरवर. पेपर महिनाभर पसरलेले असतात, दोन पेपरांत पाच-पाच, आठ-आठ दिवस. दादाला ते बरं पडलं, मला नाही.

पहिल्या पेपरला मी फाटकाबाहेर उभी होते आणि छातीत धडधडत होतं, कारण हेही शाळेचंच फाटक होतं. तो उतरला, थांबला. शेजारी एक चाळिशीचा माणूस सिक्युरिटी गार्डच्या शर्टात, हातात पारदर्शक पट्टी-पेन्सिलीची पिशवी घेऊन उभा होता. त्याने दादाला विचारलं, "भाऊ, हॉल तिकिटाची एकच प्रत लागते का दोन?" दादा म्हणाला, "एक चालते. आणि माझ्याकडे पाण्याची जास्तीची बाटली आहे, घेता का?" दोघं बोलत बोलत आत गेले. मागे सावलीत एक आजी सुनेचं तान्हं बाळ घेऊन बसली होती, सून आत पेपरला. तीन तास मी आणि ती आजी आळीपाळीने बाळाला वारा घालत होतो.

२७ मे २०२४ ला राज्य मंडळाचा दहावीचा निकाल लागला. दादाबरोबर आठवीपर्यंत असलेली इमारतीतली पाच मुलं पेढे घेऊन फिरत होती. बेल वाजली की मी आधी दाराला जाऊन उभी राहायचे. तिसऱ्या वेळी तोच उठला, दार उघडलं, पेढा घेतला, "भारी रे" म्हणाला आणि दार लावून खोलीत गेला. पेढा संध्याकाळपर्यंत टेबलावर होता. आमचा निकाल जूनमध्ये आला. चार विषय सुटले, चित्रकलेत बरे गुण. गणितात २७. पास व्हायला ३३ लागतात.

मी त्या रात्री झोपले नाही, तो झोपला. सकाळी दुकानात गेला. परत येऊन म्हणाला, "एक संधी गेली. आठ आहेत." त्याच्या आवाजात काही विशेष नव्हतं, हिशोब सांगावा तसं. ऑक्टोबर-नोव्हेंबरला फक्त गणित दिलं. मधल्या काळात सरांनी जुने पेपर सोडवून घेतले, तिथे मात्र सायकल-बियकल काही नव्हतं, निव्वळ घोकंपट्टी, आणि मला वाटतं तीही लागतेच. ४६ मिळाले.

तोवर त्या वर्षीचे आयटीआय प्रवेश संपले होते. म्हणजे एक वर्ष गेलं, हे लपवत नाही. मधल्या महिन्यांत तो दुकानात होता, एमएससीआयटी केलं, आणि मार्चमध्ये पुन्हा चार-पाच वाईट आठवडे आले, त्याने काढायला लावलेल्या दोन परिच्छेदांतला एक त्यावरच होता. समुपदेशकांकडे पुन्हा जायला लागलो. एकदा बरं झालं की झालं, असं नसतं बहुतेक.

पावणेतीन वर्षांचा हिशोब मांडला तर मोठा खर्च समुपदेशन, औषधं, चाचण्यांचा, वीस-बावीस हजार, आणि पडवीतल्या शिकवणीचा जवळजवळ तेवढाच. मुक्त विद्यालयाचं स्वतःचं सगळं मिळून पाच हजारांपर्यंतही गेलं नाही. माझ्या बिनपगारी रजा वेगळ्या.

जुलै २०२५. कागदपत्रांच्या पडताळणीला मी फाईल बगलेत धरून गेले होते: गुणपत्रिका, स्थलांतर प्रमाणपत्र, शाळेचा जुना दाखला, आधार, जातीचा दाखला, प्रत्येकाच्या तीन-तीन प्रती. गॅप का, मुक्त विद्यालय का, शाळा का सोडली, या सगळ्यांची उत्तरं मी घरून पाठ करून आले होते. रांगेत पावणेदोन तास गेले. टेबलावरच्या बाईंनी मान वर न करता विचारलं, "दहावी कुठून?"

मी तोंड उघडायच्या आत दादा म्हणाला, "एनआयओएस."

त्यांनी रकान्यात लिहिलं, गणित-विज्ञान आहे का ते बोट फिरवून बघितलं, शिक्का मारला. "प्रती दोनच लागतात, एक परत घ्या. पुढचा."